पाण्याखाली व्हीआर लावून भारहीनतेचा सराव: गोव्यात करून बघता येईल का?

कुर्टीकर

नमस्कार मंडळी.

फोंड्याच्या एका कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. यंदा शेवटच्या वर्षाच्या पोरांनी प्रोजेक्टला विषय आणलाय तो असा: अंग पाण्यात, डोळ्यांवर व्हीआर हेडसेट (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारा चष्मा) आणि समोर अंतराळ स्थानकाची बाहेरची बाजू. जून २०२५मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर गेले तेव्हापासून या पोरांच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नाही. "अरे, साधा पंप घ्या रे," म्हणून बघितलं. ऐकत नाहीत.

कल्पना अगदीच वाऱ्यावरची नाही, हे मान्य करायला हवं. अमेरिकेत नेवाडा विद्यापीठाच्या रीनो इथल्या गटाने २०१९मध्ये याच कामासाठी एक यंत्र केलं होतं. पूर्ण चेहरा झाकणारा डाइव्ह मास्क आणि त्यातच बसवलेला स्मार्टफोन.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं. जमिनीजवळ भारहीनता मिळवायचे मार्ग मोजकेच. विमान कमानीसारखं वर चढवून खाली सोडलं की वीस-बावीस सेकंद मिळतात, तेवढ्यात पाना हातात घेईस्तोवर वेळ संपते. म्हणून मग पाणी. ह्यूस्टनचा नासाचा सरावाचा तलाव ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद, १२ मीटर खोल आहे, त्यात सुमारे २ कोटी ३५ लाख लिटर पाणी. तरी आख्खं स्थानक त्यात मावत नाही, निवडक भागांचे सांगाडे बुडवून ठेवतात. बाहेरच्या एका तासाच्या कामासाठी पाण्यात सहा-सात तास घालवतात म्हणे. युरोपवाल्यांचा तलाव जर्मनीत कोलोनला आहे, १० मीटर खोल. रशियात स्टार सिटीत आहे तो गोल, २३ मीटर व्यासाचा.

पोरांचं म्हणणं, सांगाडा कशाला बुडवायचा? चित्रच दाखवू. उद्या स्थानक बदललं तर फाइल बदलायची, बस्स.

माझे प्रश्न: याचा खरंच उपयोग आहे की नुसता जत्रेतला पाळणा? करायचं तर समुद्रात की स्विमिंग पूलमध्ये? आणि धोका किती? शेवटी कागदावर सही माझी लागणार आहे.

सुशेगाद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. आत्ता पावसात समुद्रात उतरलात तर हेडसेटची गरजच नाही, अरबी समुद्र फुकटात उचलून नेईल. बाकी जाणकारांनी बोलावं. मी हुमण-शीत जेवून वाचत बसतो.

बुडबुडे

वास्कोहून लोकांना ग्रँड आयलंडला डाइव्हसाठी नेणं हे माझं पोटापाण्याचं काम, म्हणून लिहितो. समुद्र डोक्यातून काढून टाका. मोसम ऑक्टोबर ते मे. त्यातही आपल्याकडे पाणी गढूळ, चार-पाच मीटरपलीकडचं दिसलं तर आम्ही खूश. पण तुमच्या पोरांना बाहेरचं दिसायचंच नाहीये, त्यामुळे गढूळपणा हा मुद्दा नव्हे. मुद्दा असा की पाणी हलतं. माणूस बुडलेल्या जहाजाजवळ नुसता थांबला तरी मागे-पुढे झोके बसतात. डोळ्यांसमोर स्थानक स्थिर आणि अंगाला झोके, म्हणजे पाचव्या मिनिटाला ओकारी. पूलमध्येच करा.

आता कामाचं. सरळ टाकी पाठीवर बांधून पोरगं पाण्यात सोडलंत तर ते अंतराळवीरासारखं तरंगणार नाही. श्वास घेतला की अर्धा-एक लिटर हवा छातीत जाते, तेवढाच अर्धा-एक किलोचा उचल मिळतो आणि माणूस वर सरकतो. सोडला की खाली. आम्ही डाइव्हर याचाच वापर करून खोली सांभाळतो. पण बंद स्पेससूटमध्ये माणसाने कितीही श्वास घेतला तरी सूटचा आकार तोच राहतो, त्यामुळे नासाच्या तलावात हा हेलकावा नसतो. तुमच्याकडे असणार. त्यावर उपाय, माणसाला काहीतरी धरायला द्या. तळाला पक्का केलेला एक दांडा पुरे.

दुसरं म्हणजे नुसतं 'ना वर ना खाली' एवढ्याने भागत नाही. फुप्फुसं छातीत, म्हणून छाती वर ओढली जाते आणि पाय खाली लोंबतात. माणूस आडवा, उभा, उलटा, कसाही ठेवला तरी तसाच राहिला पाहिजे. नासाचे डाइव्हर सूटच्या खिशांत शिसं आणि फोम घालत, काढत हे साधतात. आधी हेच काम असतं, मग सराव. तुमच्या पोरांना घोट्याला फोम आणि कंबरेला शिसं लागेल, प्रत्येकाला वेगळं. आणि पूलमध्ये जमवलेलं शिसं समुद्रात चालत नाही. खारं पाणी अडीच टक्के जड, सामानासकट नव्वद किलोच्या माणसाला दोन किलोच्या वर जास्तीचं शिसं लागतं.

म्हापसेकरीण

विषय माझ्या आवडीचा! म्हापशात घरून व्हीआरचंच काम करते, कंपनी बाहेरची. हेडसेट पाण्यात घालायच्या आधी पोरांनी खालच्या गोष्टींवर बसावं.

बाजारातला हेडसेट आपण कुठे आहोत ते कॅमेऱ्यांनी ओळखतो. खोलीचे कोपरे, टेबलाच्या कडा असले खुणेचे बिंदू धरून ठेवतो. पूलमध्ये सगळीकडे एकसारख्या फरश्या, त्यावर उन्हाची नाचणारी जाळी. त्या नाचणाऱ्या रेघाच तो खुणा समजतो आणि अख्खं स्थानक डुलायला लागतं. तळाला ठळक काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणा चिकटवा आणि रात्री, स्थिर दिव्यात करा.

वायरलेस विसरा. ब्लूटूथ आणि वायफाय पाण्यात हातभर अंतरातच मरतात. एकतर सगळं हेडसेटच्या आतच चालवा, नाहीतर वर काठापर्यंत केबल ओढा. केबल मला बरी वाटते, कारण काठावरच्या माणसाला आत काय दिसतंय ते पडद्यावर दिसतं.

सगळ्यात चिवट प्रकार भिंगांचा. भिंग हवेत असतं तेव्हाच नीट काम करतं. प्लास्टिकचं भिंग पाण्यात बुडालं की त्याची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते, कारण पाणी आणि प्लास्टिक यांच्यात प्रकाश फारसा वळतच नाही. म्हणजे भिंगाच्या दोन्ही बाजूंना हवा हवी, म्हणजे सीलबंद डबा हवा. आणि तो डबा आपल्या जुलैच्या हवेत बंद केलात तर आतली दमट हवा पूलच्या गारव्याला लागून भिंगावर धुकं धरणार. एसी खोलीत बंद करा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

डब्यातली हवाही उचलणार, बुडबुडे म्हणाले तसं. एक लिटरचा डबा कपाळावर म्हणजे एक किलोने मान सतत वर. त्याला तेवढंच शिसं लावा, तेही पुढच्याच बाजूला, नाहीतर मान वाकडी होईल.

निवृत्त_खलाशी

नौदलात पाण्याखालचं काम करत आलो. प्रोजेक्टला विरोध नाही, हेडसेटला आहे.

पाण्यातला सराव आला कुठून ते आधी बघा. १९६६च्या जूनमध्ये अमेरिकेच्या जेमिनी ९ या अंतराळयानाच्या वेळी अंतराळवीर जीन सर्नन यानाबाहेर गेला आणि पार दमला. पाय रोवायला जागा नाही. एक नट फिरवायला गेला की स्वतःच उलटा फिरायचा. नाडी १८०पर्यंत गेली, हेल्मेटची काच आतून धुक्याने भरली, काम अर्धवट टाकून आत यावं लागलं. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेमिनी १२वर बझ ऑल्ड्रिन गेला. त्याने बाल्टिमोरजवळच्या एका शाळेच्या स्विमिंग पूलमध्ये सराव केला होता. पाय अडकवायच्या बेड्या, धरायचे दांडे, कंबरेचे पट्टे, हे सगळं पाण्यात तावून-सुलाखून घेतलेलं. एकूण पाच तासांहून जास्त काम केलं, दमला नाही.

कुठल्याही हेडसेटशिवाय. शाळेच्या पूलमध्ये. जे शिकायचं होतं ते हातापायांनी शिकायचं होतं.

अजून एक. १६ जुलै २०१३ला स्थानकाबाहेर काम करताना लुका पार्मितानो या अंतराळवीराच्या हेल्मेटमध्ये पाणी भरलं. नाकावर, डोळ्यांवर पाणी, त्यात सूर्य मावळला. दिसेनासं झालं तेव्हा तो सुरक्षा-दोरीच्या ओढीवरून चाचपत परत आला. डोळे गेले की हात कामाला येतात. तुम्ही उलटं करताय: हातांना काही नाही, डोळ्यांना सगळं.

म्हापसेकरीण

काका, इतिहास मान्य, निष्कर्ष नाही. नासाच्याच ह्यूस्टनच्या आवारात व्हीआरची प्रयोगशाळा आहे, १९९३च्या हबल अंतराळ दुर्बिणीच्या दुरुस्तीच्या वेळीही अंतराळवीरांनी व्हीआर वापरलं होतं. का? कारण पाण्यात काही गोष्टी होतच नाहीत. अंतराळवीर स्थानकापासून सुटून भरकटला तर पाठीवरच्या छोट्या जेटने परत यायचं असतं. ते पाण्यात शिकवता येत नाही, पाणी त्याला लगेच थांबवतं. ते व्हीआरमध्येच शिकवतात, खुर्चीत बसवून. जड पेटी हाताळायची तर केबलने ओढणारा यंत्रमानव समोर ठेवतात, म्हणजे हाताला वजनाचा नाही पण जडत्वाचा अंदाज येतो.

म्हणजे दोन्ही लागतं. पोरं म्हणताहेत ते दोन्ही एकत्र आणायचं, एवढंच.

निवृत्त_खलाशी

ताई, खुर्चीत बसवून करतात हेच तर माझं म्हणणं. कोरड्यात करा की.

मांडवीकाठ

पणजीत कान-नाक-घशाची प्रॅक्टिस आहे, माझा हिस्सा कानाचा.

वरच्या भांडणात दोघांचंही अर्धं बरोबर आहे. शरीराला 'खाली कुठे' हे तीन ठिकाणांहून कळतं. डोळे, तळपायाची-सांध्यांची जाणीव, आणि कानाच्या आतली तोलाची यंत्रणा. या यंत्रणेत कॅल्शियमचे बारीक कण जेलीसारख्या थरावर बसलेले असतात, डोकं कललं की ते सरकतात. पाण्यात तळपायांवरचा भार जातो, सांध्यांवरचा जातो, पण हे कण खालीच ओढले जातात. म्हणून तलावात उलटं केलेल्या अंतराळवीराला आपण उलटे आहोत हे पक्कं कळतं. रक्त डोक्याकडे येतं, खांदे सूटच्या आतल्या बाजूवर टेकतात. अंतराळात यातलं काही नाही, तिथे कणच तरंगतात. निम्म्याहून जास्त अंतराळवीरांना पहिले दोन-तीन दिवस मळमळ होते ती म्हणूनच.

आता कोरड्या व्हीआरमध्ये डोळे सांगतात तरंगतोय आणि पाय, पाठ, कान तिघेही सांगतात नाही रे बाबा, खुर्चीत आहेस. पाण्यात निदान पाय आणि पाठ डोळ्यांच्या बाजूला येतात. एकटा कान विरोधात उरतो. मला विचाराल तर या प्रयोगाचं खरं मोल इथे आहे. स्थानक हुबेहूब दिसतं की नाही याच्याशी मला देणं-घेणं नाही. तीनपैकी दोन साक्षीदार फितवले तर मेंदू किती फसतो, हे मोजता येतं.

एक व्यावहारिक सूचना: चित्रातली 'खाली' दिशा आणि पाण्यातली खरी 'खाली' दिशा सुरुवातीला एकच ठेवा. ती फिरवायला गेलात की मळमळ वाढेल. फिरवायचीच असेल तर हळूहळू, आणि माणूस काठाजवळ असताना.

बुडबुडे

मळमळीवरून आठवलं, मास्कचं राहिलंच. सर, हा भाग प्रिंट काढून पोरांना द्या.

नुसते डोळे झाकणारा डबा पोहण्याच्या गॉगलसारखा लावून खोल जाऊ नये. आतल्या हवेवर दाब वाढत जातो आणि ती बरोबरीत आणायला नाकातून फुंकर मारावी लागते. नाक बाहेर असेल तर मारणार कुठून? डोळे ओढले जातात, डोळ्यांत रक्त उतरतं. म्हणून नाक मास्कच्या आत हवंच.

नेवाडावाल्यांचा पूर्ण चेहऱ्याचा मास्क या दृष्टीने ठीक. पण त्यात ओकारी झाली तर? साध्या रेग्युलेटरमधून (टाकीतली हवा घ्यायला तोंडात धरतात तो) ओकता येतं, आम्ही ते शिकवतोसुद्धा. चेहराभर मास्कमध्ये ती आतच राहते आणि पुढच्या श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊ शकते. तुमच्या नवशिक्या पोरांसाठी माझं मत असं: साधा मास्क, तोंडात रेग्युलेटर, आणि हेडसेटचा सीलबंद डबा मास्कच्या काचेवर बाहेरून, एका झटक्यात निघेल असा. डबा काढला की समोर पूल दिसतो, मास्क जागेवर, श्वास चालू.

म्हापसेकरीणताई, डबा आणि मास्कच्या काचेत पाण्याची पातळ फट राहील, ते भिंगाला चालेल का?

म्हापसेकरीण

चालेल. डब्याची पुढची काच सपाट असेल, फट एक-दोन मिलिमीटरची असेल तर दोन सपाट काचांमधलं पाणी फार त्रास देत नाही. भिंग डब्याच्या आत हवेतच आहे ना, मग झालं. फक्त डोळा भिंगापासून लांब जातो, त्यामुळे दिसण्याचा आवाका अरुंद होईल. पण हेल्मेटमधूनसुद्धा आवाका अरुंदच असतो, खपून जाईल.

डब्याला सुटणारा चुंबकी कब्जा करा. पण चुंबक होकायंत्राच्या सेन्सरपासून लांब, नाहीतर स्थानक गोल फिरत बसेल.

सुशेगाद

मी एवढंच विचारणार होतो की यात पृथ्वी दिसेल का खाली. चारशे किलोमीटरवरून आमचा गोवा केवढा दिसतो बघायचंय.

म्हापसेकरीण

दिसेल. शिवाय दर पंचेचाळीस मिनिटांनी उजेड-अंधार होतो तोही दाखवता येतो, जो नासाच्या पूलमध्ये आपोआप होत नाही. बाहेरचं काम अंधारात करायचं असेल तर हा सराव हवाच.

कुर्टीकर

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पोरांना धागा वाचायला दिला. दोघांनी चुंबकाची किंमत काढली, एकाने 'पृथ्वी मी करणार' म्हणून आधीच अडवून ठेवली.

डॉक्टरांच्या प्रतिसादावरून एक मांडणी सुचते. एकच काम, तीन प्रकारे. दांड्यांवरून हातांनी सरकत जायचं, एका पेटीचा बोल्ट सोडायचा, परत यायचं. एकदा कोरड्यात खुर्चीवर व्हीआर लावून, एकदा पाण्यात हेडसेटशिवाय खऱ्या दांड्यांवर, एकदा पाण्यात हेडसेट लावून. पाण्यात दांडे खरेच असतील आणि चित्रातले दांडे त्यांच्यावरच नेमके बसवलेले. म्हणजे डोळ्याला स्थानक, हाताला लोखंड. खलाशीकाका, तुमच्या आक्षेपाला हे उत्तर होईल का?

निवृत्त_खलाशी

अर्धं होईल. हाताला खरं लोखंड लागणार असेल तर माझा मुख्य विरोध गेला. चित्रातला दांडा आणि खरा दांडा बोटभर जरी सरकले तरी पोरं हवेत हात मारतील, तेवढं सांभाळा. आधी डोळे बांधून तोच रस्ता हातांनी करायला लावा. ते जमल्याशिवाय हेडसेट नाही.

बाकी माझ्या अटी, सही करायच्या आधी. हेडसेट लावलेल्या माणसाला आपण वर सरकतोय हे कळणार नाही, आणि श्वास कोंडून सव्वा-दीड मीटर वर आलं तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. दोन मीटरचा पूल आहे म्हणून बिनधास्त राहू नका. म्हणून कंबरेला दोरी, तळाला बांधलेली, जास्तीत जास्त हातभर ढील. नासात सूटमधल्या प्रत्येकामागे किमान दोन सुरक्षा डाइव्हर असतात, तुमच्याकडे किमान एक, ज्याच्या डोळ्यांवर काही नाही आणि हातात दुसरं काम नाही. व्हिडिओ काढणारा वेगळा. खांद्यावर दोन थापा म्हणजे डबा काढ, हे आधी कोरड्यात घटवून घ्या. टाकी अर्धी झाली की बाहेर, कारण हवा किती उरली ते दाखवणारं गेज त्याला दिसणारच नाही, ते सुरक्षा डाइव्हरने बघायचं.

आणि ज्याने बेसिक डाइव्ह कोर्स केलेला नाही तो पाण्यात हेडसेट लावणार नाही. यावर चर्चा नको.

बुडबुडे

शेवटच्या वाक्याला शंभर टक्के. पावसात आम्ही रिकामेच असतो, पोरांना पूलमधलं शिकवून देईन. फीचं बघू.

कोल्हापुरी_झणका

वाचतोय. एक बाळबोध शंका: आपल्या गगनयानवाल्यांना याचा काही उपयोग? की तेही तलावातच करतात?

कुर्टीकर

गगनयानच्या अंतराळवीरांची नावं जाहीर झाली ती फेब्रुवारी २०२४मध्ये: प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला. चौघांनीही त्याआधी रशियात गागारिन केंद्रात प्रशिक्षण घेतलंय, पुढचं बंगळुरूला. गगनयानच्या पहिल्या फेरीत यानाबाहेर पडणं नाही, त्यामुळे स्पेसवॉकची घाई नाही. पाण्याचं काम आहे ते वेगळं, समुद्रात उतरल्यावर कुपीतून बाहेर येण्याचं. कुपी उचलण्याच्या चाचण्या २०२३मध्ये नौदलाच्या कोचीच्या केंद्रात झाल्या. पुढे स्वतःचं स्थानक बांधायचं इस्रोने जाहीर केलंय, तेव्हा बाहेरची दुरुस्ती कुणीतरी करायला लागेलच.

मांडवीकाठ

कुर्टीकरसाहेब, मोजायचं काय तेही ठरवा. नुसता वेळ मोजू नका. तिन्ही प्रकारांनंतर मळमळीची प्रश्नावली भरून घ्या, आणि डोळे मिटून 'खाली' दिशेला बोट दाखवायला सांगा. बोट किती अंशांनी चुकतं ते फोनने मोजता येतं. माझा अंदाज, पाणी अधिक हेडसेट या प्रकारात सगळ्यात जास्त चुकेल. तिन्हींचा क्रम प्रत्येक पोरासाठी बदला, नाहीतर तिसऱ्यांदा करताना ते सवयीनेच चांगलं करेल.

आणि सर्दी असलेल्या कुणालाही उतरवू नका. पावसाळ्यात निम्मा वर्ग सर्दीने भरलेला असतो, कानाचा पडदा फुटायला दोन-तीन मीटर खोली पुरते. आधी सगळ्यांना माझ्याकडे पाठवा, कान बघून देते. त्याची फी नाही.

सुशेगाद

डॉक्टर, माझे कान बरे आहेत. सबजेक्ट म्हणून माझं नाव लिहून घ्या. पोहता येत नाही एवढीच अडचण.

निवृत्त_खलाशी

मग काठावर बसून केबल धरा.

कुर्टीकर

केबल धरायला माणूस हवाच होता. बुडबुडेबाब, व्यनि (खासगी निरोप) केलाय, पूलवाल्यांकडून रात्रीची वेळ मिळते का ते सोमवारी विचारतो. शिशाचे तुकडे तुमच्याकडून मिळतील की विकत घ्यावे लागतील?

बुडबुडे

शिसं भरपूर आहे, घेऊन जा. फोम तेवढा आणा, बंद पेशींचा घ्या, स्पंजसारखा नको. तो पाणी पितो.